श्रीसंत बहिणाबाईंचे मौन व आत्मनिवेदन

भागवत संप्रदायाला मंदिराची उपमा देणारा तो अभंग ज्याला पाठ नाही असा वारकरी शोधूनही सापडायचा नाही. पाया ज्ञानोबांनी घातला आणि तुकोबा कळस झाले, एवढे तर आमच्याकडची शेंबडी पोरेसुद्धा सांगतात. शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव येते, टाळ जरा जोराने वाजतात आणि मंडळी पुढच्या अभंगाला लागतात. ते नाव कोणाचे, बाई कुठली, तिच्यावर काय काय गुदरले, असे विचारले की पुष्कळजण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एखादा धीट माणूस जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे नाव घेतो. त्या थोरच, पण त्या खानदेशातल्या, १८८० ते १९५१ या काळातल्या. आपल्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, प्रत्यक्ष तुकोबारायांच्या शिष्या.

यांचा जन्म शके १५५० म्हणजे १६२८ सालचा. गाव देवगाव, वेरूळच्या बाजूचे. आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. समाधी शिऊरची, वैजापूर तालुक्यातली, १७०० सालची. बहात्तर वर्षांचे आयुष्य. आता संतांची चरित्रे आपल्याला मिळाली ती बहुधा दुसऱ्यांच्या हातून. महिपतीबाबांनी एवढे कष्ट घेतले नसते तर निम्मे संत आपल्याला नावापुरतेच उरले असते. बहिणाबाईंचे तसे नाही. त्यांनी आपली हकीकत आपणच शब्दांत उतरवली. आत्मनिवेदन आणि निर्याण मिळून शंभरावर अभंग होतात. मराठीत स्त्रीने सांगितलेले पहिले आत्मचरित्र म्हणून जाणकार याच अभंगांकडे बोट दाखवतात.

आणि ते नुसत्या घडलेल्या गोष्टींचे टिपण नव्हे, बरे का. अमुक गावाहून तमुक गावी गेलो, हे कोणीही लिहील. या बाईने मनात काय चालले होते ते लिहिले. कुठे डळमळलो, कुठे चिडलो, देवाला काय बोललो, सगळे. म्हणून या खेपेस त्यांचे चरित्र सांगताना त्यांचे मौन आणि त्यांचे लिहिणे, या दोनच गोष्टींकडे आम्ही लक्ष ठेवणार आहोत.

आऊजींना बराच काळ मूल नव्हते. नवससायास झाले आणि ही मुलगी झाली. खेळण्याच्या वयातच लग्न झाले. शिऊरच्या पाठकांच्या घरचे स्थळ. नवरदेव तिशीचा, बिजवर, वैदिकीत आणि ज्योतिषात मुरलेला. त्या काळच्या रीतीत यात कोणाला वावगे दिसले नाही. मुलगी माहेरीच वाढत होती. बरोबरीच्या मुली खेळायच्या, पण हिला नामाचा चाळा लागला होता, असे त्या स्वतःच सांगतात.

पुढे चारेक वर्षांनी देवगावात भाऊबंदकी पेटली. आऊजी कर्जाच्या आणि तंट्याच्या कचाट्यात सापडले. शिऊरहून जावई धावून आला आणि एका रात्री सगळे कुटुंब घरदार, वतन मागे टाकून निघाले. गोदेच्या काठाने, मग भीमेच्या बाजूला. कुलकर्ण्यांच्या घरचे माणूस, पण वाटेत कोरान्न मागून खायची पाळी आली. शिखर शिंगणापूरचा महादेव झाला, पंढरपूर झाले. तिथून रहिमतपूरला काही काळ मुक्काम पडला. बहिणाबाईंचे वय तेव्हा नऊ. पंढरी सोडताना पाय निघत नव्हता हे त्या आवर्जून सांगतात. अकरावे लागले तेव्हा मंडळी कोल्हापुरास येऊन पोचली होती.

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. तिथे रोज पुराण चाले, कीर्तन होई, आणि जयरामस्वामींचा मुक्कामही तेव्हा त्या गावात होता. जयरामस्वामी कीर्तनात तुकोबांचे अभंग म्हणत. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. पण त्यांचे शब्द पायी पायी, कीर्तनकारांच्या तोंडून, त्यांच्या आधीच कोल्हापुरास पोचले होते. या मुलीने ते तिथे ऐकले.

आम्ही पाठशाळेत असताना गुरुजींनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांतला भेद फार काटेकोर शिकवला होता. ऐकणे ते श्रवण. ऐकलेल्यावर मनाने शंका घ्यायच्या आणि मनानेच त्या फेडायच्या, ते मनन. मग त्यातच स्थिरावायचे, ते निदिध्यासन. आम्ही ते घोकून पाठ केले आणि परीक्षेत चोख उतरवले. ते करावे लागते हे ध्यानात यायला मात्र आणखी वीस वर्षे गेली. बहिणाबाईंना हे शिकवायला कोण बसले होते? वेदाला हात लावायची मनाई, प्रणव उच्चारायची मनाई, चारचौघांत तोंड उघडायची मनाई. स्त्रीजन्माचे हे दुःख त्यांनी अभंगात स्पष्ट मांडले आहे. त्यांना मोकळे होते ते फक्त कान. आणि मन मोकळेच असते, त्याला कडी घालणारा अजून जन्मला नाही.

यजमानांना बहिरंभटांकडून एक कपिला गाय मिळाली. ती व्यायली आणि वासरू झाले. या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्यांच्याच हातून चारा खाई. त्या पाणवठ्यावर निघाल्या की हे मागून. पुराणाला गेल्या की हे मागून. कीर्तनाला बसल्या की हेही येऊन शेजारी उभे. एका एकादशीला जयरामस्वामींच्या कीर्तनात दाटी झाली आणि कोणीतरी वासराला बाहेर हाकलले. ते बाहेर हंबरडा फोडू लागले, आत मुलगी रडू लागली. स्वामींना कळले, तेव्हा त्यांनी वासरू आत आणवले आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

आता या पुढचा भाग. ही कथा आम्ही कीर्तनात कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. वासरू, हंबरडा, स्वामींचा हात, आणि तिथून उडी थेट स्वप्नावर. आयाबाया डोळे पुसत, आम्ही विठ्ठलनामाचा गजर करत असू आणि कथा पुढे सरके. मधली एक रात्र आम्ही वगळत होतो. बहिणाबाईंनी ती वगळलेली नाही. स्वामींनी सगळ्यांसमक्ष आपल्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, गावभर चर्चा झाली, ही बातमी कोणा बाईने यजमानांच्या कानी घातली. ते भरकीर्तनातून बायकोला ओढून घेऊन गेले, घरी बेदम मारले आणि बांधून टाकले. त्या रात्री गाय चाऱ्याला तोंड लावीना आणि वासरू दूध पिईना.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आम्ही हीच कथा नेहमीप्रमाणे सांगितली. कीर्तन आटोपून पाटावर पाणी पीत बसलो असता एक म्हातारी जवळ आली. पाया पडली नाही. खाली बसली आणि हळूच विचारू लागली की महाराज, तुम्ही मार का गाळलात? तिच्या नातीने छापील गाथा वाचून दाखवली होती; त्यात मार होता. आम्ही काहीतरी उत्तर दिले. सप्ताहात मंगल प्रसंगच सांगावे, असे काहीसे. म्हातारी मान हलवून उठली. तिला उत्तर पटले नाही आणि खरे म्हणजे आम्हालाही पटले नाही. त्या रात्री बिऱ्हाडी झोप येईना. दिवा मोठा केला आणि ज्या वहीत आम्ही आख्यानांची टाचणे लिहितो तीतच, मागल्या पानावर, प्रश्न उतरवून ठेवला. मग उत्तर लिहू लागलो तेव्हा कळले की मंगल-अमंगलाचा काही संबंधच नव्हता. समोर बसलेल्या पुरुषमंडळींना अवघडल्यासारखे होईल आणि पुढच्या वर्षीचे बोलावणे येणार नाही, हे भय होते. बोलताना जे सुचले नव्हते ते लिहिताना सुचले. बोलणाऱ्याच्या समोर श्रोता असतो, म्हणून जीभ वळणे घेते. रात्री एकट्याने वहीत लिहिताना फसवायचे तरी कोणाला?

असो. आमचे राहू द्या, मूळ कथेकडे येऊ.

मारानंतर काही काळाने वासरू गेले. त्याने शेवटच्या घटकेला एका संस्कृत श्लोकाचा उत्तरार्ध उच्चारला असे बहिणाबाई सांगतात. श्लोक कोणता? ज्याच्या कृपेने मुक्याला वाचा फुटते त्याला वंदन करणारा. ज्याला शंका घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. आम्ही त्या वादात पडत नाही. आमच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट घर करून बसली आहे. मुके जनावर बोलले, आणि त्याच्या शेजारी जी बोलू शकत होती ती बाई मुकी झाली. वासरू पुरले आणि बहिणाबाई निपचित पडल्या. अन्नपाणी नाही, बोलणे नाही. घरच्यांना वाटले, हिची आशा सोडावी. बाहेरून पाहणाऱ्याला ती मूर्च्छा दिसत होती. आत काय चालले होते ते त्यांनी नंतर सांगितले आहे. कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग एकामागून एक मनात उठत होते आणि त्या त्यांचा अर्थ लावीत होत्या. पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी तगमग चालली होती. ज्याला कधी पाहिले नाही त्या माणसाचा ध्यास लागला होता.

तुकोबांना एकांत हवा झाला की ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. नवरा मारील, सासुरवास होईल ही भीती त्यांना नव्हती; लोक फार तर वेडा म्हणत. घरातल्या बाईला डोंगर कुठला? पाणी आणायला जायचे तरी कोणाला तरी सांगून जायचे. तिचा भंडारा म्हणजे गोठा. शेणाच्या वासात, दाव्याच्या खुंट्याशी बसून जेवढे स्वस्थ राहता येईल तेवढे राहायचे. आमच्या माउल्यांना हे निराळे सांगायला नको.

तशात कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, स्वप्न झाले. तुकोबांनी मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि हाती पोथी दिली. पोथीची गोष्ट बहिणाबाईंनी मुद्दाम सांगितली आहे. ज्या हातांना पोथी वर्ज्य त्या हातांत गुरूने पोथी दिली! आम्हांस तर वाटते की पुढे जे लिहिणे झाले त्याचे बीज त्या क्षणी पडले.

स्वप्नाची वार्ता पसरली आणि लोक बहिणाबाईंना पाहायला येऊ लागले. यजमानांचा संताप आणखी भडकला. आपण वैदिक ब्राह्मण. आपल्या बायकोने वाण्याला, शूद्राला गुरू करावे, तेही स्वप्नात, आणि लोकांनी तिच्या पाया पडावे! आपण तिच्यापुढे कोणीच नाही! त्यांनी सासू-सासऱ्यांना बजावले की हिला सांभाळा, आम्ही तीर्थाला निघालो, हिचे तोंड पुन्हा पाहणार नाही. बहिणाबाई तेव्हा तीन महिन्यांच्या गरोदर होत्या.

इथे त्यांच्या लिहिण्यातला सर्वांत अवघड भाग येतो. संतचरित्र लिहिणारा दुसरा कोणी असता तर त्याने इथे बहिणाबाईंच्या तोंडी निर्भय उत्तर घातले असते. देवासाठी सर्व सोडले, असे. बहिणाबाईंनी तसे काही लिहिले नाही. त्या मनाशी बोलू लागल्या. नवरा निघून गेला तर आपण विधवेसारख्या जगायचे का? पोटातल्या लेकराने काय करायचे? विठ्ठल तर पाषाणाचा, तुकोबा तर स्वप्नातले. समोर हाडामांसाचा माणूस दिसतो तो पती. त्याची सेवा सोडून स्वप्नामागे जावे हा कुठला धर्म? असे एक पारडे खाली जाते, दुसरे वर येते. शेवटी पतीच्या सेवेतच देव पाहीन, असा त्या निश्चय करतात. पण देवाला सोडल्याचे कुठेही म्हणत नाहीत. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत आणि बाईने त्या तशाच लिहून ठेवल्या आहेत.

पतिव्रताधर्माचे आख्यान लावताना आम्ही कीर्तनकार या अभंगांतला निश्चय तेवढा उचलतो. आधीची घालमेल टाकून देतो. उलट हल्ली काही सुशिक्षित मंडळी घालमेल तेवढी उचलतात आणि निश्चय म्हणजे नुसती लाचारी समजतात. आमच्या मते दोघेही बाईवर अन्याय करतात. पूर्ण मनन करणाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात आणि त्या बाईने त्या ऐकल्या. अमुक वाचकाला काय आवडेल याचा हिशेब तिने केला नाही.

यजमान जायला निघाले त्याच सुमारास तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभर औषध लागू पडेना. ज्या बायकोला टाकून निघाले होते तीच रात्रंदिवस उशापायथ्याशी बसली. तुकोबांची निंदा केली त्याचे हे फळ, असे त्यांच्या मनाने घेतले. एक वृद्ध ब्राह्मण आला आणि त्याने त्यांची कानउघाडणी केली, असे अभंगांत आहे. बरे होताच त्यांनी स्वतः ठरवले की देहूस जायचे. या माणसाला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. कोपिष्ट होता, अभिमानी होता, मारकुटा होता, आणि तो वळला. बहिणाबाईंनी त्याच्याबद्दल यातले एकही लपवले नाही. मारही लिहिला आणि वळणेही लिहिले. मार गाळला तर वळण्याला काय मोल उरते, हे आम्हांला त्या म्हातारीमुळे कळले.

आई-वडील, गाय आणि नवराबायको, असा सगळा परिवार देहूस पोचला तेव्हा तुकोबा देवळात आरतीला उभे होते. स्वप्नातली मूर्ती ती हीच, असे बहिणाबाईंनी ओळखले. राहायला जागा हवी म्हणून मंडळी मंबाजी गोसाव्यांच्या दारी गेली. माझ्याकडून मंत्र घ्या, असा त्यांचा आग्रह झाला. आमचा गुरू ठरला आहे, असे उत्तर मिळाल्यावर आणि तो गुरू तुकोबा हे कळल्यावर मंबाजींचे पित्त खवळले. कोंडाजी नावाच्या गृहस्थाने जागा दिली. मंबाजींनी पुण्याला आपाजी गोसाव्यांकडे तक्रारीचे पत्र धाडले की इथे ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतात. मग कपिला गाय नाहीशी झाली. ती मंबाजींच्या घरात कोंडून मारली जात होती आणि वळ उठत होते तुकोबांच्या पाठीवर, असे बहिणाबाई सांगतात. घराला आग लागली तेव्हा आतली गाय लोकांना सापडली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तेरा दिवसांनी कोरड्या निघाल्याचा उल्लेखही बहिणाबाईंच्या अभंगांत आहे. तुकोबांच्या हयातीत देहूत राहिलेल्या व्यक्तीचे हे शब्द. त्यांचे मोल केवढे, हे निराळे सांगायला नको.

देहूत कन्या काशीबाईचा जन्म झाला. बाळंतपण, पाणी, दळण, गाईचे शेणघाण. आणि तुकोबांचे कीर्तन. एकदा वेळ साधून बहिणाबाई देवळाच्या ओवरीत तीन दिवस ध्यानाला बसल्या. कोल्हापुरात निपचित पडल्या होत्या ते मौन आपत्तीने लादलेले होते. ओवरीतले मौन त्यांनी होऊन धरलेले. त्यातून उठल्या त्या गुरुकृपेने कवित्व घेऊनच. इंद्रायणीत स्नान केले आणि अभंग सुरू झाले. मुक्याला वाचा फुटण्याचा वासराचा तो श्लोक इथे खरा झाला असे आम्ही कीर्तनात सांगतो, आणि ते सांगताना आमचा आवाज अजून कापतो.

पुढची वर्षे भराभर सांगतो, कारण बहिणाबाईंनीही ती फारशी लांबवलेली नाहीत. मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. कुटुंब फिरून शिऊरला आले आणि तिथेच स्थिरावले. प्रपंच काही सुटला नाही. सोडायचा असा आग्रहही दिसत नाही. लिहिणे चालूच होते. आदिनाथापासून राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजीचैतन्य, तुकोबा असा गुरुपरंपरेचा अभंग त्यांचाच. मनाला उपदेश, संतांची लक्षणे, पंढरीचे वर्णन आहे.

एका कामाबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे. वज्रसूची नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा त्याचा विषय. जीव ब्राह्मण का? देह ब्राह्मण का? जात, विद्या, कर्म यांपैकी कोणते? असे एकेक तपासत तो ब्रह्म जाणणाऱ्यापाशी येऊन थांबतो. बहिणाबाईंनी तो मराठी अभंगांत उतरवला. आम्ही संस्कृत शिकलेले. भाषांतर म्हणजे काय कष्ट असतात ते जाणतो. पण इथे नुसत्या विद्वत्तेचे काम नव्हते. शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने टाकायला काढले होते, मंबाजींनी छळले होते. तो काटा इतकी वर्षे मनात होता. भांडून तो निघाला नसता. बाईने शांतपणे ग्रंथ घेतला, प्रश्न मांडला आणि उत्तर लिहून ठेवले. ज्या शास्त्राची भीती घालत होते त्या शास्त्राच्याच तोंडून उत्तर आले. असे मनन करायला आम्हाला पाठशाळेने शिकवले होते आणि आम्ही शिकलो नव्हतो.

हे सारे अभंग दोनशे वर्षे पोथ्यांतच राहिले. १९१४ साली उमरखाने यांनी ते छापून प्रसिद्ध केले. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी बहिणाबाईंची कोल्हापूरची ती रात्र वाचली, आणि आम्ही इथे सप्ताहांतून ती गाळत बसलो!

आता आम्ही ती सांगतो. पहिल्या वेळी मांडवात इतकी शांतता झाली की पखवाजाच्या दोऱ्या करकरलेल्या ऐकू येत होत्या. एका गावाने दुसऱ्या वर्षी बोलावले नाही, हेही खरे. वहीच्या मागल्या पानावर तेही लिहून ठेवले आहे. कीर्तनानंतर घटकाभर कोणाशी न बोलता बसायचे आणि आज काय लपवले, काय वाढवले ते लिहायचे, हा आमचा नेम तेव्हापासून चालू आहे. चार ओळींच्या वर सहसा जात नाही. काही रात्री एकच ओळ होते आणि ती लिहायला तासभर लागतो. कोणाला दाखवायची नसते म्हणूनच ती लिहिता येते. बहिणाबाईंनी आपले आतले सगळे लोकांच्या हवाली केले. ती छाती आमच्यात नाही.

शेवटची गोष्ट शिऊरची. बहिणाबाईंना आपला काळ जवळ आल्याचे कळले तेव्हा विठोबा घरी नव्हता. त्याची बायको वारली होती आणि तो तिच्या उत्तरक्रियेसाठी गोदाकाठी गेला होता. आईने पत्र लिहून त्याला बोलावले. पत्नीचे दुःख उरात घेऊन आलेल्या मुलाला तिने उशाशी बसवून घेतले आणि आपल्या मागल्या बारा जन्मांची हकीकत सांगू लागली. कोणत्या जन्मी कोठे होते, काय साधले, कुठे अडले, या तेराव्यात काय पुरे झाले. तूही त्या जन्मांतून माझ्या बरोबरच होतास, असे त्याला सांगितले. साऱ्या आयुष्यात जी बाई मनाशी बोलत आली तिने शेवटचे बोलणे मुलाशी केले. मुलगा मधून मधून विचारत होता आणि ती उत्तर देत होती, ते सगळे निर्याणाच्या अभंगांत आहे. शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.